आपला जिंकला की हरला

माझ्या आईच्या हृदयाची एक झडप बदलायची होती आणि ते ऑपरेशन एका अमेरिकन कुस्तीच्या निकालावर अडून बसलं होतं. डॉक्टरांसमोर असं बोलण्याची माझी छाती झाली नाही. त्यांना मी ‘घरगुती अडचण आहे’ एवढंच सांगितलं. ते म्हणाले, काय असेल ते लवकर मिटवा, फार थांबण्यासारखं नाही. त्यांना वाटलं असणार, इस्टेटीवरून भाऊबंदकी असेल. भाऊबंदकी परवडली असती.

अडचण अशी होती. मी नववीत असताना टीव्हीवर एक चॅम्पियनशिपची कुस्ती लागली होती. मातीतली नव्हे. चड्ड्या आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, दोऱ्यांच्या रिंगणात, एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालत खेळतात ती. ती चालू असताना आई गावच्या देवीला नवस बोलली: ‘आपला जिंकला तर जोडीने येऊन तुझी ओटी भरीन.’ ‘आपला’ म्हणजे सोनेरी केसांचा चॅम्पियन. समोरचा, काळा लांब कोट घालून येणारा, तो आमच्या घरात ‘मेला’. दोघांना रीतसर नावं होती, पण आईने जगातली सगळी माणसं या दोनच खात्यांत घातलेली आहेत आणि तिचं त्यात भागतं.

कुस्ती झाली, आणि आपला जिंकला की हरला हेच घरात कोणाला नीट कळलं नाही. मग आईच्या नवसाची वर्षानुवर्षं चेष्टा झाली. त्या चेष्टेचा पुढारी अर्थात मी. मधल्या काळात बाबा गेले, जोडी राहिली नाही, आणि नवस तसाच लोंबकळत राहिला. आता ऑपरेशन म्हटल्यावर आईला तो आठवला. “देवीचं काही राहिलेलं असताना मी त्या टेबलावर झोपणार नाही,” ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्याकडे चर्चा संपल्याची ही खूण आहे.

मी विमा कंपनीत क्लेम तपासायला असतो. घटना घडली का, पॉलिसीत बसते का, बसत नसेल तर नाही म्हणायचं, तेही सौजन्याने. या नोकरीने माझा स्वभाव बिघडला असं बायको म्हणते. आई म्हणते, तो आधीपासूनच तसा होता, कंपनीने फक्त त्याचा पगार सुरू केला.

तर या क्लेमची मी पद्धतशीर चौकशी सुरू केली. आधी गावच्या गुरवाला फोन केला. गुरव मोठा व्यवहारी माणूस. कुस्ती, अमेरिका, सोनेरी केस, सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. जणू आमच्या दहिसरहून रोज असेच फोन येतात. मग म्हणाला, “काम झाला काय नाय झाला, ता आधी तुमी ठरवा. झाला आसात तर झील-सून जोडीन येवंदेत, देवी चालवून घेता. पण झालाच नसात, तर ओटी कशाची भरूची?”

म्हणजे सगळं येऊन थांबलं निकालावर. आपला हरला असेल तर काही देणं नाही, उद्या ऑपरेशन करा. जिंकला असेल तर मी आणि बायकोने ओटी भरायची, पण नवस बोलणारी म्हणून आई समोर उभी हवी, आणि तेही ऑपरेशनच्या आधी, हा आईचा हट्ट. जिच्याने दुसरा मजला एका दमात चढवत नाही तिला घाट उतरवून गावी न्यायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. तेव्हा मला तो हरलेला हवा होता. सुदैवाने तो हरलाच होता. ते फक्त सिद्ध करायचं होतं.

सिद्ध कोणापुढे, तर मामापुढे, कारण ‘जिंकला’ म्हणणारा तोच एकटा. मामा आईचा धाकटा भाऊ, आणि आपल्याचा परमभक्त. कुस्ती शंभर टक्के खरी असते असं मानणारा, केस पांढरे झालेला हा मुंबईतला शेवटचा माणूस असावा. पण कांजूरमार्गला कचरा डेपोशेजारी उभं आयुष्य काढून ज्याला कधी कचऱ्याचा वास आला नाही, त्याला कुस्तीतल्या बनावाचा वास कसा येणार.

रविवारी सकाळी तो आला. मोबाईलवर त्याने ती जुनी कुस्ती शोधून ठेवलीच होती. ती टीव्हीवर लावली. आई पलंगावर उशांना टेकून बसली. बायको म्हणाली, “मला यात धरू नका,” आणि कोथिंबीर निवडायला घेऊन बरोबर टीव्हीसमोर बसली.

पहिला आक्षेप वेळेचा. दोघे पैलवान रिंगणात पोचेपर्यंतच चहा गार झाला. धूर, दिवे, गाणं, पुन्हा धूर. आमच्या सोसायटीचा गणपतीही याहून लवकर मंडपात पोचतो, आणि तिथे तर लेझीम असते. मेला कोट घालून आला. कुस्तीला कोट. मग तो कोट उतरवण्याचा एक स्वतंत्र सोहळा झाला.

“उकडलं असेल मेल्याला,” आई म्हणाली.

दुसरा आक्षेप रेफरीचा. नियम पाळले जातात की नाही हे बघणं एवढंच या गृहस्थाचं काम. पण मेल्याचा एक मॅनेजर होता, सुटाबुटातला, हातात छत्री घेतलेला, बंद हॉलमध्ये. तो कडेला चढून काहीबाही बडबडायचा, रेफरी त्याची समजूत घालायला जायचा, आणि तेवढ्यात मागे मेला आपल्याचा गळा आवळायचा. आख्खं स्टेडियम ओरडून सांगतंय, अरे मागे बघ. हा बघत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे मी आयुष्यात इतकं स्वच्छ दुसरीकडे पाहिलं नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा नाही.

तिसरी गोष्ट मला शाळेत असल्यापासून छळते. एकाने दुसऱ्याला दोरीवर ढकललं की तो पलीकडच्या दोरीवर आपटून त्याच वेगाने परत येतो. का येतो? समोर मार खायची सोय करून ठेवलेली दिसतेय. दोरी धरून थांब की बाबा. मी तसं बोलून दाखवलं.

“येग आसता,” मामा म्हणाला. “तुका काय कळता. दोरीवरचो माणूस थांबना नाय.”

“मग कपडे वाळत घातल्यावर ते का थांबतात?”

आपला मार खात होता आणि अशा वेळी मामा कोणाशी बोलत नाही.

मी पडदा थांबवला आणि आईला ठोशांची गंमत दाखवली. ठोसा मारताना हे लोक पाय आपटतात, म्हणून एवढा आवाज येतो. “बघ. मारतोय हाताने, आवाज येतोय पायातून.”

आई म्हणाली, “तू पण लहानपणी पडलास की पाय आपटून रडायचास. म्हणून काय लागलेलं खोटं होतं?”

बायको कोथिंबिरीत तोंड घालून हसली. मी पुढे चालू केलं. यानंतर मेल्याने आपल्याच्या डाव्या गुडघ्यावर खुर्ची घातली, आणि दोन मिनिटांत आपला उजव्या पायाने लंगडायला लागला. अशा केसेस माझ्याकडे ऑफिसात येतात. मी त्या नाकारतो.

मग शेवट आला. मेल्याने आपल्याला उचलून दोऱ्यांवरून बाहेर फेकलं. आपला खाली पालथा पडला, तोंडावर सगळे केस. इथे नियम असा की रेफरी दहापर्यंत मोजतो, तेवढ्यात आत आलं नाही तर हरला. सामनाभर काहीच न दिसलेल्या रेफरीला हे मात्र लख्ख दिसलं आणि त्याने मोजायला सुरुवात केली. आपला सरपटत कडेपर्यंत आला. एक हात वर केला. दोरी काही हाती लागली नाही. दहा झाले, घंटा वाजली, मेल्याचा हात वर गेला.

आणि मग तो प्रसिद्ध घोळ. मागून कोणीतरी माइकवर काहीतरी सांगितलं, रेफरीने चॅम्पियनचा सोन्याचा पट्टा उचलला आणि खाली पडलेल्या आपल्याच्या छातीवर नेऊन ठेवला. आपल्याने पडल्या पडल्या तो वर धरला. पडलो तरी नाक वर. मेला रिंगणात थयथयाट करतोय. संपली कुस्ती.

त्या काळी माइकवरचं ते इंग्रजी आमच्या घरात कोणालाच कळलं नव्हतं. मामा तेव्हा भाषांतर करायचा, पण त्याचं इंग्रजी स्टेशनच्या पाट्यांपुरतं. बाकीचं तो मनचं घालायचा. त्याने ठोकून दिलं होतं, “तो सांगता, आपलो जिंकलो.” आईने मात्र मेल्याचा वर गेलेला हात डोळ्यांनी पाहिला होता. तिथून हा घोळ सुरू झाला.

“आता नीट ऐक,” मी आईला म्हटलं. “माइकवर तो माणूस म्हणतोय, कोटवाला जिंकला. पण बाहेर राहून हरलं तर पट्टा जात नाही, असा त्यांचा नियम आहे. म्हणून पट्टा याच्याकडे राहिला. पण कुस्ती तो हरला. स्पष्ट.”

“पट्टो कोणाकडे रवलो?” मामा म्हणाला.

“याच्याकडे.”

“मगे हरलो कसो?”

“अरे, हात कोणाचा वर केला?”

“हात काय, मी पण वर करतंय,” मामा म्हणाला आणि केला. “झालंय मी चॅम्पियन?”

असं आमचं बराच वेळ चाललं. मी नियम सांगत होतो, मामा पट्टा सांगत होता. मला वाटत होतं, काम होत आलंय. मामाचा आवाज चढला की त्याच्याजवळचे मुद्दे संपलेले असतात.

मग आई म्हणाली, “जरा मागे ने. तो पडतो तिथे.”

मी मागे नेलं. आपला पुन्हा बाहेर पडला. रेफरी पुन्हा मोजू लागला आणि मला दिसलं, आईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. दहा झाल्यावर ती म्हणाली, “बंद कर.”

नववीतल्या त्या आठवड्यात बाबा हॉस्पिटलात होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मला एकट्याला ठेवायला नको म्हणून मामा आमच्याकडे राहायला आला होता आणि आम्ही दोघे दिवसभर टीव्ही बघायचो. हे मला आठवत होतं. ती कुस्ती त्याच आठवड्यातली, हेही आठवत होतं. या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या.

“मी आंघोळीपुरती घरी आले होते,” आई म्हणाली. “सकाळी डॉक्टर बोलले होते, आज-उद्यात शुद्धीवर आले तर आले. डोकं पुसत बाहेर आले, तुम्हा दोघांना ओरडायला, की घरात काय चाललंय आणि तुम्ही काय बघताय. तर टीव्हीवर हा असा पडलेला. तोंडावर केस. आणि तो माणूस मोजतोय. मला वाटलं, हा उठला तर हे पण उठतील.” ती थांबली. श्वास लागला होता. “म्हणून बोलले. जोडीने येईन म्हणून.”

मामाने टीव्हीकडे बघायचं सोडून दिलं. तेव्हा त्याच खोलीत तो माझ्या शेजारी बसलेला होता आणि त्यालाही हे आजच कळत होतं.

“मग हा उठला नाही. पण पट्टा मिळाला,” आई म्हणाली. “आणि हे शुद्धीवर आले. पण उजवी बाजू गेली ती गेलीच. आता मी काय समजायचं होतं? म्हणून कोणाला विचारलं नाही.”

बाबा नंतर पुष्कळ वर्षं होते. खिडकीजवळच्या खुर्चीत. बोलणं तुटक झालं होतं. फक्त आईला ते सगळं समजायचं आणि ती आम्हाला सांगायची. त्याही भाषांतरात मनचं किती होतं देव जाणे. माझ्या लग्नात त्यांनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या, त्यातल्या अर्ध्या भटजींच्या कानात गेल्या. गावी मात्र त्यांना परत कधीच नेता आलं नाही.

पण मी आठवडाभर तयारी केली होती, आणि तयारी केलेला माणूस वेळ बघत नाही. मी म्हटलं, “आई, मग तर प्रश्नच नाही. तो हरला. तुझ्यावर काही देणं नाही. तू मोकळी आहेस.”

“मोकळी कसली?” आई म्हणाली. आवाज चढला नाही, पण माझ्याकडे असं बघितलं की मी रिमोट खाली ठेवला. “तो हरला असेल तर देवीने माझं ऐकलंच नाही. मग एवढी वर्षं हे या घरात बसले होते ते कोणी बसवले होते? असेच? आणि आता मी आत जायचं ते कोणाच्या भरवशावर?”

बायकोचे हात कोथिंबिरीत तसेच थांबले होते.

“तूच सांग,” आई मला म्हणाली. “याला नाही विचारत, हा त्याचा भक्त. हा मेलेल्यालासुद्धा जिंकला म्हणेल. तू कोणाचं उगाच खरं मानत नाहीस. मला बरं वाटावं म्हणून एक शब्द कधी बोलला नाहीस. तू म्हणशील ते मी धरीन.”

माझ्या कुजकटपणाचं एवढं मोठं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. मी उगाच टीव्हीकडे बघितलं. पडदा काळा होता. त्यात आम्ही चौघं दिसत होतो, आई मधोमध, उशांना टेकलेली, लहान झालेली. आणि मला तिची भीती वाटली. तिच्यासाठी म्हणा. दोन्ही.

“जिंकला,” मी म्हटलं.

“कसा?” आई म्हणाली. फुकट घेणाऱ्यातली ती नाही.

“कुस्ती कशासाठी होती? पट्ट्यासाठी. पट्टा कोणाकडे राहिला? आपल्याकडे. मेला हात वर करून रिकामाच घरी गेला. हात वर केला म्हणून घरी नेता येतं काय काही?” बोलता बोलता मला कळलं की मी मामाचेच मुद्दे मामापेक्षा बरे मांडतोय. “अंगाला लागलं, उठता आलं नाही, ते वेगळं. पण न्यायचं होतं ते मेल्याला नेता आलं नाही. जिंकला.”

मामा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या घरात शिरून त्याचंच जेवण जेवलो. “ह्याच तर मी सांगत होतंय,” तो म्हणाला.

“तू गप्प बस,” आई त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, “मग इतकी वर्षं काय बोंबलत होतास?”

मला काळजी दुसरीच होती. जिंकला म्हणजे आता ओटी, गाव, घाट. मी चाचरत म्हटलं, “पण आई, तुला आत्ता प्रवास...”

“आत्ता कशाला? आधी ऑपरेशन.” ती उशीवरून सरळ झाली. “ज्या देवीने तेव्हा ऐकलं ती काय दोन महिने थांबायची नाही? बरी होते आणि माझ्या पायांनी चढते देवळाची पायरी. तुम्ही दोघं फक्त जोडीने बसा.” मग बायकोला म्हणाली, “डॉक्टरला फोन लाव गं. याच्यावर सोडलंस तर हा अजून चौकशा करत बसेल.”

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळीच बोरिवलीच्या हॉस्पिटलात होतो. आईला हिरवा गाऊन घातला होता. कानातलं काढून तिने बायकोच्या मुठीत दिलं. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला तेव्हा तिने मला बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलणार. मी तयारी ठेवली.

“हे बघ,” ती म्हणाली. “आत माझं काय व्हायचं ते होईल. पण काही झालं तरी तू शब्द फिरवायचा नाहीस. जिंकला म्हणजे जिंकला.”

“बरं.”

“नाहीतर माझ्या दहाव्याला बसून लोकांना सांगत सुटशील, तो पाय आपटत होता म्हणून.”

“नाही सांगणार.”

“बोल मग.”

“जिंकला,” मी म्हटलं. वॉर्डबॉयने माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी तिला आत नेलं आणि दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर मामा माझ्या शेजारी बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “धा म्हटल्यान तेव्हा त्येचो हात दोरीक लागलेलो. तू बघितलंस ना?”

मी ते दृश्य इतक्या वेळा मागे-पुढे करून बघितलं होतं की मला त्या हाताची नखंसुद्धा पाठ झाली होती. दोरी त्याच्यापासून चांगली हातभर लांब होती.

“लागला होता,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि डोळे पुसले. मी मोबाईल काढून गावच्या गाडीची तिकिटं बघायला लागलो. किती माणसं, असं त्यात आधी विचारतात. आईला धरून मी तीन टाकलं.